खताची गोणी (लेखांक 6) : बुडालेल्या कंपन्यांची जमीन

जुलैत पऱ्हाटीची डवरणी आटोपली की नेरच्या कृषी केंद्रांपुढे एकच चौकशी सुरू होते : युरियाची रॅक लागली का? नेरला रेल्वे नाही. देशातलं बहुतेक खत मात्र रेल्वेनेच फिरतं, तेव्हा ते मुंबई-नागपूर मार्गावर कुठेतरी उतरतं आणि ट्रकने इथे येतं. ही रॅक निघते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. ऑक्टोबर 2022 पासून सगळ्या कंपन्यांच्या गोण्यांवर ठळक अक्षरांत ‘भारत युरिया’ असतं. बनवणाऱ्याचं नाव खालच्या पट्टीत गेलं, म्हणून आजचा लेखांक त्या खालच्या पट्टीबद्दल.

आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण रामागुंडमचं. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि त्याच्याही पुढे गोदावरीकाठी हे गाव. फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने 1980 मध्ये इथे कोळशापासून युरिया बनवायला सुरुवात केली. कागदावर बेत चोख होता. सिंगरेणीचा कोळसा शेजारी, पाणी शेजारी. कोळशाचा वायू करायचा, वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. घोडं अडलं ते कोळशातल्या राखेपाशी आणि विजेपाशी. अमोनियाचं यंत्र एकदा थांबलं की पुन्हा सुरळीत चालायला दिवसच्या दिवस जातात, तोवर इंधन जळतच राहतं. इथे वीज वारंवार जायची. ओडिशातला तालचेरचा कारखाना याच धर्तीचा, आणि त्याचीही हीच गत झाली. दोन्ही 1999 मध्ये बंद पडले.

तोटा एवढा का साचला, ते समजायला एक जुना हिशेब पाहावा लागतो. मराठे समितीच्या शिफारशीवरून 1977 मध्ये सरकारने प्रत्येक कारखान्याला त्याचा उत्पादनखर्च आणि वर 12 टक्के परतावा मिळेल अशी किंमत बांधून दिली. अट एवढीच, की कारखाना ठरावीक क्षमतेने, साधारण 80 टक्क्यांनी, चालला पाहिजे. जो तेवढा चालला तो निर्धास्त. जो त्याच्या निम्म्यानेच चालला, त्याचा खर्च दर गोणीमागे अंगावर आला. मग सरकारकडून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकलं म्हणून नवं कर्ज. विदर्भातल्या वाचकाला हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

हल्दियाच्या सरकारी खतकारखान्याची कथा तर अजबच. तिथे अख्खा कारखाना उभारला, चाचण्या घेतल्या, कामगार नेमले, आणि 1986 मध्ये गुंडाळला. विक्रीसाठीचं नियमित उत्पादन एक दिवसही झालं नाही. गोरखपूरचा कारखाना 1990 च्या अपघातानंतर थांबला. देशातला पहिला मोठा सरकारी खतकारखाना म्हणून 1951 मध्ये सुरू झालेलं सिंद्री 2002 मध्ये मिटलं. त्याच वर्षी केंद्राने अशा आजारी खतकंपन्या बंद करायचं ठरवलं आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं.

फर्टिलायझर कॉर्पोरेशन या महामंडळाची 1978 मध्ये फेररचना झाली, तेव्हा ट्रॉम्बे वेगळं निघून आपली आरसीएफ झाली, ‘सुफला’वाली. तिला पुढे मुंबई हायचा नैसर्गिक वायू मिळाला आणि अलिबागजवळचा थळचा कारखाना तर वायूवरच उभा राहिला. आज ती नवरत्न कंपनी आहे. ट्रॉम्बेची माणसं हुशार आणि रामागुंडमची आळशी होती, असं मुळीच नाही. एकाला वायू मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही, फरक मुख्यतः एवढाच.

आयात वाढत गेली तेव्हा सरकारला बंद कारखान्यांची आठवण झाली. यंत्रं गंजली होती, पण जमीन, पाण्याचा हक्क, रेल्वेची बाजूपट्टी आणि वसाहती जागेवर होत्या. 2013 मध्ये महामंडळाचं दहा हजार कोटींहून जास्त सरकारी कर्ज आणि व्याज माफ झालं. त्याच सुमारास आलेल्या नव्या गुंतवणूक धोरणाने युरियाला परवडेल अशा किमतीची हमी दिली. 2015 मध्ये नॅशनल फर्टिलायझर्स आणि इंजिनियर्स इंडिया यांच्या पुढाकाराने रामागुंडमची नवी कंपनी निघाली. 2016 मध्ये एनटीपीसी, कोल इंडिया आणि इंडियन ऑइल यांची ‘हर्ल’ ही कंपनी आली आणि गोरखपूर, सिंद्री आणि असाच बंद पडलेला बरौनीचा कारखाना तिच्याकडे गेले. प्रत्येक कारखान्याची क्षमता वर्षाला 12.7 लाख टन. रामागुंडमचं उत्पादन मार्च 2021 मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या पुरवठ्याच्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

याला पुनरुज्जीवन म्हणतात. मला तो शब्द जरा उदार वाटतो. जुन्या महामंडळाचा रामागुंडममधला हिस्सा आता 11 टक्के. पैसा, तंत्रज्ञान, कारभार सगळं दुसऱ्यांचं. जुनी कंपनी जमिनीची मालकीण म्हणून उरली. तरी निर्णय योग्यच होता. 2014-15 मध्ये देशात सुमारे 225 लाख टन युरिया बनत होता, 2023-24 मध्ये तो 314 लाख टनांवर गेला. आयात 2020-21 मध्ये 98 लाख टनांच्या आसपास होती, ती 70 लाखांवर आली. राग येतो तो मधल्या वीसेक वर्षांचा. तयार जागा तेवढा काळ पडीक ठेवून आपण तेच खत डॉलर मोजून आणत राहिलो.

आणि परावलंबन संपलंय असंही नाही. नवे कारखाने वायूवर चालतात, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून जहाजाने येतो. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा वायू भडकला आणि 2022-23 मध्ये खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींच्या वर गेलं. देशी कोळशावर पुन्हा भिस्त ठेवणारा प्रयोग एकच, तालचेरचा, आणि त्यात आपली आरसीएफही भागीदार आहे. 2018 मध्ये पायाभरणी झाली. पूर्ण करायची मुदत केव्हाच उलटली. यंत्रंही अधूनमधून रुसतात. 2025 च्या खरिपात रामागुंडम बिघाडाने थांबलं, त्याच हंगामात तेलंगणात युरियासाठी रांगा लागल्या.

तेव्हा नेरच्या शेतकऱ्यांनी कारखान्यावर विसंबून राहण्यापेक्षा दुकानात जागं राहावं. 45 किलोच्या गोणीचा भाव 266 रुपये 50 पैसे आहे, टंचाईतही तोच. ई-पॉसवर अंगठा दिल्यावर पक्कं बिल मागून घ्या. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली जात असेल, तर ती नाकारा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पुढच्या आठवड्यात डीएपीबद्दल.