फिल्म रिळावर चढविताना

कृष्णधवल फिल्म घरी डेव्हलप करताना खरी कसोटी लागते ती ती रिळावर चढविताना. ३६ छायाचित्रांची ३५ मिलिमीटर फिल्म सुमारे १.६ मीटर लांब असते. रिळाच्या खाचांमुळे तिचे वेढे एकमेकांपासून अलग राहतात. दोन वेढे चिकटले, तर तेथे डेव्हलपर पोहोचत नाही आणि तेवढी छायाचित्रे कायमची हातची जातात.

हे काम संपूर्ण अंधारातच करावे लागते. डार्करूममधील लाल दिवा छपाईच्या कागदाला चालतो. बहुतेक फिल्म मात्र लाल प्रकाशालाही संवेदनशील असतात.

प्लॅस्टिकच्या रिळाच्या दोन चकत्या आळीपाळीने फिरवल्या, की फिल्म बाहेरून आत सरकते. पोलादी रिळावर ती मध्यापासून बाहेर गुंडाळली जाते. प्लॅस्टिकचे रीळ जराही ओलसर असेल, तर फिल्मवरील जिलेटिन चिकट होऊन ती अडकते. मुंबईच्या पावसाळ्यात हातांचा घामही तेवढ्यास पुरतो. अशा वेळी जोर लावू नये. फिल्म टाकीत ठेवून, मधली नळी व झाकण बसवून हात आणि रीळ कोरडे करावे.

आरंभीचे कोपरे किंचित गोलाकार कापल्यास फिल्म सहज शिरते. निरुपयोगी फिल्मवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करावा. अंधारात नजरेचे काम बोटांनाच करावे लागते.