साठ नटांचा ट्रक आणि बॅटरीची गन

दहा चाकी ट्रकला चाकांच्या जागा सहा. पुढे दोन, मागच्या दोन ॲक्सलवर चार. मागे जोडीनं बसलेली दोन्ही चाकं एकाच नटांनी धरलेली असतात. अलीकडच्या बहुतेक अवजड गाड्यांना जागेगणिक दहा नट, म्हणजे गाडीमागे साठ. एका जागेवरचा एक हटून बसला की बाकीचे नऊ निघूनही उपयोग शून्य.

धुळ्याला हा प्रश्न कायमचा. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडे उतरणारा, असे तीन महामार्ग इथे मिळतात. त्यांचे ३, ६ आणि २११ हे जुने क्रमांक सरकारनं बदलले. गावानं मात्र 'आग्रा रोड' म्हणणं सोडलेलं नाही. नागपूरच्या रस्त्यानं पुढे जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या गाडीला एका जाम नटापायी गेलेले दोन तासही जड जातात, कारण माल आत पिकत असतो. म्हणून आता ट्रकमालक आणि गॅरेजवाले नट खोलणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या गनची चौकशी करू लागले आहेत. पहिला प्रश्न ठरलेला: "किती ताकदीची घेऊ?" माझ्या मते त्याआधी नट जाम का होतो ते बघावं.

जुनं हत्यार म्हणजे चाकाचा पाना, त्यात टॉमी आणि टॉमीवर चढवलेला लांब पाईप. एक मीटर पाईपच्या टोकावर साठ किलोचा क्लीनर उभा राहिला की नटावर साधारण ६०० न्यूटन-मीटर पीळ पडतो. २२ मिलिमीटरच्या स्टडवर बसणाऱ्या अवजड चाकांना सांगितलेला पीळही बहुधा ६०० ते ७०० च्या दरम्यानच असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. म्हणजे नीट आवळलेला, न गंजलेला नट एका माणसाच्या वजनानं, फार तर थोडा जोर वाढवून, सुटायला हवा. प्रत्यक्षात दोघं पाईपवर उभे राहतात, उड्या मारतात, पाना सटकतो आणि कुणाचं तरी ढोपर फुटतं.

पावसाळ्याचा गंज हे एक कारण. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना तापलेले ब्रेक हे दुसरं. उष्णता ड्रमवरून हबला आणि स्टडपर्यंत पोचते. पण खरा गुन्हेगार बहुतेकदा मागचा पंक्चरवाला असतो. कॉम्प्रेसरची एक इंची गन नटावर लावायची आणि आवाज बदलेपर्यंत दाबून धरायची, ही हायवेवरची पद्धत. त्यात पीळ हजाराच्या वर कधी जातो ते कळतही नाही. स्टड ताणला जातो, आटे एकमेकांत चावतात. मग पुढच्या वेळी "निंघस का भाऊ?" विचारत चार जण भोवती जमतात.

गनचं काम समजून घेण्यासारखं आहे. आत मोटर एक हातोडा फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरतो, सुटतो आणि चौकोनी दांड्याच्या मुळावर आपटतो. मिनिटाला असे हजार-दोन हजार ठोके. प्रत्येक ठोका क्षणभराचा, म्हणून धरणाऱ्याच्या मनगटाला मोठा झटका बसत नाही. गंजलेल्या आट्याला सलग जोरापेक्षा असे ठोकेच लवकर हलवतात.

खोक्यावरच्या आकड्यांत मात्र गोम असते. आवळण्याचा आकडा वेगळा, खोलण्याचा वेगळा, आणि मोठ्या अक्षरात छापतात तो बहुधा दुसरा. बॉशच्या जीडीएस १८ व्ही-१०५० एच या पाऊण इंची गनचं उदाहरण घ्या: आवळायला १०५०, खोलायला १७०० न्यूटन-मीटर. एकाचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्याशी लावला की तुलना फसलीच. अमेरिकन आकडे फूट-पाउंडात असतात, त्यांना १.३५६ नं गुणावं.

छोटा हत्ती किंवा पिकअपला अर्धा इंची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी दांड्याची, गन पुरते. ट्रकला ती घेऊ नये. नट कधी निघेल, कधी नाही, आणि गोटीचं, म्हणजे सॉकेटचं, तोंड झिजेल. एक-दोन गाड्यांच्या मालकाला पाऊण इंची चांगली. बॅटरीसकट साडेतीन-चार किलोची असते, केबिनमध्ये मावते. रोज चाकं उतरवणाऱ्या गॅरेजनं मात्र एक इंचीच घ्यावी, ती कितीही जड असो. कारण मागच्या चाकाचे नट डिस्कच्या खोलगटात असतात. तिथे पोचायला लांब दांड्याची गन किंवा लांब गोटी लागते. पाऊण इंची गनला एक्स्टेन्शन आणि वर ॲडॉप्टर जोडला, की प्रत्येक सांध्यात ठोक्याचा जोर थोडा-थोडा मुरतो. खोक्यावरचे १७०० नटापर्यंत पोचतच नाहीत. गोटी काळी, इम्पॅक्टचीच हवी. चकचकीत क्रोमची गोटी हातपान्यासाठी असते. ठोक्यानं ती फुटते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

ऑनलाइन स्वस्तात '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' अशा बॅटऱ्या दिसतात. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच सेल म्हणजे १८. काठोकाठ भरला की सेल ४.२ वर जातो, म्हणजे २१. त्या ८८ च्या खोक्यातही बहुतेकदा हेच पाच सेल असतात. १८, २० आणि २१ हेसुद्धा एकाच बॅटरीचे तीन पुकारे. बघायचे ते अँपिअर-अवर: जाम नटाला पाच किंवा आठची बॅटरी लावावी, दोनची लगेच दम टाकते. 'सोलो' लिहिलेल्या खोक्यात बॅटरी आणि चार्जर नसतो, हेही दुकानातच विचारून घ्या.

आणि ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांवर जातं. ट्रकच्या लोखंडी पेटीत त्याहून जास्त. बॅटरी फार तापली की चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही आणि गनही मध्येच बंद पडते. तेव्हा बॅटरी केबिनमध्ये, पाण्याच्या जारजवळ सावलीत ठेवावी. गाडीतच चार्ज करायची तर २४ व्होल्टवर चालणारा चार्जर लागेल, कारण ट्रकची वायरिंग २४ ची असते.

महिन्यातून एकदा पंक्चर होणाऱ्या एकट्या मालकाला मी तरी गनऐवजी गिअरचा हातपाना सुचवीन. हँडल बरंच फिरवावं लागतं, पण आतल्या दातेरी चक्रांमुळे जोर पन्नासेक पटींनी वाढतो. तो चार्ज करावा लागत नाही, उन्हात रुसत नाही. घाई असेल त्याला तो पटणार नाही, हे खरं. कुठलंही हत्यार लावण्याआधी आटे बघा: काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, आणि तिथे खोलतोय समजून आपण आवळतच बसतो.

आवळताना मात्र गन फक्त नट बसेपर्यंत, तीही हलक्या स्पीडवर. पुढचं काम टॉर्कच्या पान्याचं, समोरासमोरचे नट घेत. हबवर बसणाऱ्या चाकांत नट आणि त्याच्या वॉशरच्या मध्ये तेलाचे दोन थेंब चालतात; शंकूच्या तोंडाच्या जुन्या नटांना तेल लावू नये. डिस्कवर रंगाचे जाड थर असतील तर खरवडून काढावेत. चालताना ते दबतात आणि आवळलेला नट ढिला पडतो. नवं बसवलेलं चाक साधारण ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं असतं. धुळ्यात टायर बदलून नागपूरकडे निघालेल्या गाडीला त्यासाठी जळगाव सोयीचं. अंतर नव्वदेक किलोमीटर. चाकं निवू द्यावीत आणि पाना लावावा, हातानं.