पोलिस ठाण्यासमोरचा मका

टॉडमॉर्डनचा टाउन हॉल एका ओढ्यावर उभा आहे. वॉल्सडन वॉटर नावाचा हा ओढा इमारतीच्या पोटातून वाहत जातो आणि पुढे काल्डर नदीला मिळतो. १८७५ मध्ये हा हॉल खुला झाला तेव्हा लँकेशर आणि यॉर्कशर या दोन परगण्यांची हद्द याच ओढ्याने ठरत होती, म्हणजे ती थेट इमारतीतूनच जात होती. वास्तुविशारद जॉन गिब्सन यांनी ही गोष्ट दगडातच नोंदवून ठेवली. दर्शनी भागावरच्या त्रिकोणात दोन परगण्यांच्या दोन स्त्रीमूर्ती आहेत. लँकेशरच्या बाजूला सूतकताई आणि कापड, तर यॉर्कशरच्या बाजूला लोकर, शेती आणि यंत्रकाम असे देखावे कोरले आहेत. वरच्या दिवाणखान्यात नाचणारी जोडपी एका गिरकीत परगणा बदलायची, असं गावात अजूनही कौतुकाने सांगतात.

१८८८ च्या कायद्यानंतर अख्खं गाव यॉर्कशरकडे गेलं. तरी पत्त्यातला पोस्टाचा कोड ओल्डहॅमचा राहिला, टेलिफोनचा कोड रॉचडेलचा आणि क्रिकेट लँकेशर लीगचं. स्थानिक लोक गावाला लाडाने नुसतं ‘टॉड’ म्हणतात.

मँचेस्टरच्या ईशान्येला, पेनाइन डोंगररांगांतल्या एका अरुंद दरीत वसलेलं हे जेमतेम १५ हजार वस्तीचं गाव. दरी इतकी चिंचोळी, की नदी, कालवा, रस्ता आणि रेल्वे एकमेकांना खेटूनच जातात. वर माळरान, मेंढ्या आणि स्टूडली पाइक नावाचा ३७ मीटर उंचीचा काळपट दगडी मनोरा. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून बांधलेला पहिला मनोरा १८५४ मध्ये कोसळला, दोन वर्षांत लोकांनी तो पुन्हा उभारला.

गावाला मोठं केलं ते कापसाने. जोशुआ फील्डन यांनी १७८२ मध्ये इथे लहान प्रमाणावर सूतकताई सुरू केली. पुढच्या पिढीत ‘फील्डन ब्रदर्स’ ही इंग्लंडमधल्या बड्या कापड कंपन्यांत गणली जाऊ लागली. जोशुआ यांचे चिरंजीव जॉन फील्डन हे या गावाच्या स्वभावाची किल्ली आहेत. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते स्वतः वडिलांच्या गिरणीत कामाला लागले होते. तो थकवा ते विसरले नाहीत. गिरणीमालक असूनही खासदार म्हणून ते कामगारांच्या बाजूने लढले आणि बायका व किशोरवयीन कामगारांचा दिवस दहा तासांचा करणारा १८४७ चा कायदा त्यांनी पार्लमेंटात मंजूर करून घेतला. त्याआधी, गरिबांना वर्कहाउसमध्ये कोंडणाऱ्या १८३४ च्या कायद्यालाही त्यांनी कडाडून विरोध केला होता. त्या विरोधामागे गाव असं उभं राहिलं, की टॉडमॉर्डनमध्ये वर्कहाउस बांधायला १८७० चं दशक उजाडावं लागलं. वरून आलेला हुकूम पटला नाही तर तो मानायचा नाही, ही सवय इथे जुनी आहे.

याच गिरण्यांचा एक धागा थेट वऱ्हाड-खानदेशापर्यंत येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांतून येणारा कापूस थांबला आणि लँकेशरच्या पट्ट्यातले माग बंद पडले. लाखो कामगार बेकार झाले. पर्याय म्हणून मुंबई बंदरातून कापूस येऊ लागला. तो हिंगणघाटचा असो वा खानदेशचा, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड होता, कताईत तो सारखा तुटायचा आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याची कमाई बुडायची. देवा, कापूस दे पण सुरतेचा नको, अशी प्रार्थना तिथल्या कामगारांनी केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी अफाट श्रीमंत झाले, शेअरचा बाजार भडकला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. टॉडमॉर्डनची उपासमार आणि मुंबईची चंगळ एकाच तागडीच्या दोन पारड्यांत होती.

विसाव्या शतकात कापूस गेला. १९११ मध्ये गावाची वस्ती सुमारे २५ हजार होती; शंभर वर्षांनी ती १५ हजारांवर आली. धुराडी पडली, गिरण्यांचे गाळे रिकामे झाले. उत्तर इंग्लंडमधल्या अनेक गावांची कहाणी इथेच थांबते. टॉडमॉर्डनची थांबली नाही, याचं श्रेय बरंचसं दोन बायकांना जातं.

पॅम वॉरहर्स्ट या काल्डरडेल नगरपरिषदेच्या माजी प्रमुख. २००८ च्या सुमारास हवामान बदल आणि अन्न या विषयावरच्या एका परिषदेहून परतताना, वय, उत्पन्न, शिक्षण यांच्या पलीकडे सगळ्यांना कळेल अशी भाषा कोणती, या प्रश्नाने त्यांना घेरलं. उत्तर होतं अन्न. मेरी क्लियर या समाजकार्यकर्तीसोबत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी बेत आखला. पहिल्या जाहीर सभेला साठेक लोक आले आणि कल्पना ऐकताच सभागृहात एकच गलका उडाला, असं वॉरहर्स्ट सांगतात. उपक्रमाला नाव मिळालं ‘इन्क्रेडिबल एडिबल’.

कल्पना सोपी होती: गावातल्या रिकाम्या, दुर्लक्षित सार्वजनिक जागांवर खाण्याजोगं काहीतरी लावायचं आणि ज्याला हवं त्याने ते खुडून न्यायचं. पैसे नाहीत, पावती नाही, सभासदत्व नाही. जो जेवतो तो यात आलाच. मेरी क्लियर यांनी सुरुवात आपल्याच अंगणापासून केली. समोरची भिंत उतरवली, गुलाब उपटले, भाज्या लावल्या आणि हव्या त्या घेऊन जा अशी पाटी लावली. कुत्र्यांच्या विष्ठेने भरलेली रस्त्याकडेची पट्टी साफ करून तिथे वाफे केले. त्यासाठी परवानगी मागितली नाही, अनुदानाचा अर्जही केला नाही.

आज गावातून चालताना हे सगळं नजरेच्या उंचीवर दिसतं. रेल्वे स्टेशनवर रोझमेरी, पुदिना आणि इतर वनस्पतींचे वाफे आहेत. गाडीची वाट पाहणारा माणूस संध्याकाळच्या भाजीत टाकायला चार काड्या सहज तोडून नेतो. पोलिस ठाण्यासमोरच्या लाकडी वाफ्यांत मका उभा राहिला आणि त्याची छायाचित्रं जगभर गेली. आरोग्य केंद्राभोवती आधी काटेरी शोभेची झुडपं होती. डॉक्टरांनी होकार दिल्यावर ती काढून तिथे फळझाडं आणि औषधी वनस्पती लावल्या. कालव्याच्या काठाने वाफे आहेत आणि ही ठिकाणं जोडणारा एक फिरण्याचा मार्ग गावाने आखला आहे. भाज्या बघायला बाहेरून माणसं येतात. २०१० मध्ये तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स हेही येऊन गेले.

बागकाम हा यातला एक भाग झाला. दुसरा होता शिकण्याचा. माध्यमिक शाळेच्या आवारात मासे आणि भाज्या एकत्र वाढवण्याचा प्रकल्प उभा राहिला, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी पोसायची आणि भाजीने स्वच्छ केलेलं पाणी पुन्हा माशांना द्यायचं. तिसरा भाग धंद्याचा. परसात कोंबड्या पाळून अंडी विकणाऱ्या घरांचा नकाशाच छापला आणि विक्रेत्यांची संख्या भराभर वाढली. १८७९ सालच्या दगडी मंडईत दुकानदारांना काळे फळे वाटले, त्यावर आज स्थानिक काय आहे ते खडूने लिहायचं. गिऱ्हाईक थांबून वाचू लागलं, विचारू लागलं. अनेक विक्रेत्यांचा गल्ला वाढला.

एवढ्याने गावाचं पोट भरतं का? नाही, आणि तसा दावा वॉरहर्स्ट यांनीही कधी केला नाही. १५ हजार माणसांना रस्त्याकडेचे वाफे जेवू घालू शकत नाहीत. चार काड्या पुदिन्याचं मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. पुदिना तोडताना शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस याचं काय करता, असं विचारतो आणि बोलणं सुरू होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोलिस, रेल्वे, दवाखाना आणि शाळा यांच्या दारातली जमीन आपलीही आहे, असं लोकांना वाटू लागलं. नगरपरिषदेनेही नंतर पडीक जागांची यादी करून त्या लागवडीसाठी परवान्याने द्यायला सुरुवात केली. आधी लोकांनी करून दाखवलं आणि कागद मागून आला. या गावाकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल, तर तो हा क्रम.

अर्थात एकत्र येण्याचं हे बळ एका चळवळीने हवेतून आणलेलं नाही. जुना ब्रास बँड, सेंटर व्हेल बागेतला कृषी मेळावा, क्रिकेट क्लब यांनी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवलं आहे. लँकेशर लीगमध्ये खेळणारा यॉर्कशरमधला हा दीर्घकाळ एकमेव क्लब होता. या लीगमध्ये प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू आणतो, बाकी संघ गावातला. मुंबईकडून रणजी खेळलेले विनू मंकड १९५२ मध्ये याच लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. तिथून त्यांना भारतीय संघाने लॉर्ड्‌सच्या कसोटीसाठी बोलावून घेतलं आणि त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या. गावच्या शाळेचीही कीर्ती मोठी आहे. अणुकेंद्र फोडणारे जॉन कॉकक्रॉफ्ट (नोबेल १९५१) आणि रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सन (नोबेल १९७३) हे दोघेही टॉडमॉर्डनमध्ये जन्मले, इथल्याच माध्यमिक शाळेत शिकले आणि ल्यूक सटक्लिफ या एकाच शिक्षकाच्या हाताखाली घडले.

गावाच्या एकीची खरी कसोटी मात्र पाणी घेतं. चिंचोळ्या दरीत डोंगरावरचा पाऊस काही तासांत खाली येतो. पुराचा इशारा द्यायला आजही युद्धकाळासारखे भोंगे वाजतात. २६ डिसेंबर २०१५ ला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, काल्डर दरीत हजारो घरं-दुकानं पाण्याखाली गेली. फावडी, झाडू, गरम जेवण घेऊन माणसं धावली. खालसा एड या मदतसंस्थेचे स्वयंसेवकही दरीत येऊन राबले. त्यानंतर दरीतल्या रहिवाशांनी ‘स्लो द फ्लो’ हा गट काढला. शेजारच्या हेब्डन ब्रिजजवळच्या हार्डकॅसल क्रॅग्ज जंगलात त्यांनी ओढ्यांवर लाकडी ओंडक्यांचे शेकडो झिरपते बांध घातले. रोजचं पाणी त्यांच्याखालून निघून जातं, मोठ्या पावसाचं मात्र अडून हळूहळू उतरतं. फेब्रुवारी २०२० च्या वादळात दरीत पुन्हा पाणी शिरलं. या बांधांनी पूर थांबत नाही, त्याचा जोर कमी होतो, एवढंच. म्हणून काम चालूच आहे.

इन्क्रेडिबल एडिबलचं लोण मात्र दरीबाहेर दूरवर गेलं. ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक गट झाले, फ्रान्समध्ये ‘अँक्रोयाब्ल कोमेस्तिब्ल’ नावाने गावोगावी वाफे लागले. आता या मंडळींची मागणी कायद्याची आहे. प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या पडीक सार्वजनिक जमिनीची यादी जाहीर करावी आणि रहिवाशांना तिथे विनामूल्य लागवड करू द्यावी, याला ते ‘राइट टू ग्रो’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हल शहराच्या नगरपरिषदेने हा ठराव मंजूर केला. असा ठराव करणारं ते ब्रिटनमधलं पहिलं शहर. वॉरहर्स्ट आणि त्यांचे सहकारी आता हाच हक्क देशभर लागू व्हावा यासाठी पार्लमेंटच्या पायऱ्या चढत आहेत.