आग्यामोहोळ आणि 'जैत रे जैत'ची गाणी

यंदाच्या मार्च महिन्यात मुलुंडला आमच्या समोरच्या इमारतीत, सातव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ बसले. सुपाएवढे पोळे. खालून पाहिले तर भिंतीला काळे घोंगडे टांगल्यासारखे वाटे. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, पोरांचे खेळ बंद झाले आणि कोणी तरी औषध फवारणाऱ्याला बोलावण्याच्या गोष्टी करू लागले. मी कृषी खात्यातला माणूस, म्हणून मला बोलावणे आले. मी सांगितले, डिवचू नका, धूर करू नका, रात्री त्या बाजूचे दिवे मालवत जा. फुलोरा सरला की त्या माश्या आपण होऊन उठून जातील. मंडळींनी कुरकुरत ऐकले. पाच-सहा आठवड्यांनी एके सकाळी सज्जाखाली नुसते रिकामे मेण लोंबत होते.

हे सांगायचे कारण वेगळेच आहे. त्या पहिल्या संध्याकाळी घरी आलो आणि कपाटातली जुनी कॅसेट आठवली. ती वाजवायचे यंत्र आता घरात नाही, म्हणून मुलाच्या मोबाइलवर 'जैत रे जैत'ची गाणी लावली. सज्जाखाली आग्यामोहोळ आणि खोलीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, असा योग शहरात सहसा येत नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी 1977 साली हा चित्रपट काढला. ठाकरवाडीतल्या भगताच्या पोराचा, नाग्याचा, राणीमाशीमुळे डोळा जातो. मग तो लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळे उतरवायची शपथ घेतो. त्याला साथ देते ती चिंधी, नवऱ्याला सोडून आलेली. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांची ही कामे. आता माझे खाते म्हणून एक सांगितले पाहिजे. राणीमाशी माणसाला चावायला येत नाही. तिची नांगी असते ती दुसऱ्या राणीसाठी. माणसावर तुटून पडतात त्या कामकरी माश्या. पण कथेला राणीच हवी, हे मलाही पटते. चारशे कामकरी माश्यांशी वैर कसे धरणार?

गाणी लिहिली ना. धों. महानोरांनी. हा कवी तुमच्याआमच्यातला. अजिंठ्याच्या डोंगराजवळचे पळसखेडे हे त्यांचे गाव. कॉलेज अर्धवट सोडून ते शेतीवर आले, आणि 3 ऑगस्ट 2023 रोजी गेले तोवर शेतकरीच राहिले. आपल्या शेतातल्या सीताफळाला त्यांनी लताबाईंवरून 'लताफळ' असे नाव दिले होते. पुरस्कार, पदे पुष्कळ मिळाली, पण माझ्यासारख्याला हे सीताफळच जास्त सांगून जाते.

ही गाणी मी पहिल्यांदा सलग ऐकली ती दापोलीच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात. तेव्हापासून किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. कानसेन असल्याचा दावा मी करणार नाही. राग ओळखता येत नाही, पण पाऊस ओळखता येतो.

'नभ उतरू आलं' हे आशाबाईंचे गाणे घ्या. गाण्याला घाई नाही. ढगही डोंगरावरून उतरतात तेव्हा घाईने उतरत नाहीत, आधी वरचे टोक दिसेनासे होते, मग मधला कडा, मग वाडीच. चाल तशीच पायरी-पायरीने खाली येते असे मला वाटते. पण हे गाणे ऐकताना दरवेळी एक शंका मनात येई. ठाकरवाडी कोकणातली, जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथला माणूस पावसाची वाट पाहतो हे खरे, पण इतकी तहान लागल्यासारखी पाहत नाही. नोकरीतली नऊ वर्षे मी कर्जत तालुक्यात काढली. जुलैत तिथल्या बाया आभाळाकडे बघून म्हणतात, आता पुरे कर बाबा. मग एकदा मराठवाड्यात प्रशिक्षणाला गेलो, जूनअखेरची कोरडी राने पाहिली, आणि उलगडा झाला. गाण्यातला डोंगर कर्जत-पनवेलकडचा आहे, पण तहान पळसखेड्याची आहे. चित्रपटाच्या आधी पाचच वर्षांपूर्वी 1972 चा दुष्काळ होऊन गेला होता. कोरडवाहू शेतकऱ्याने लिहिलेला तो पाऊस आहे.

हीच गोष्ट 'पीक करपलं'ची. लोक हे गाणे फारसे लावत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या गाण्यांत ते अव्वल. वरकस जमिनीवर नाचणी-वरी करणाऱ्याला ऑगस्टात पंधरा दिवस उघडीप मिळाली की काय होते, ते मी बांधावर उभा राहून पाहिलेले आहे. मातीचा थरच मुळी वितभर. पंचनाम्याच्या कागदावर 'पाने पिवळी पडली' एवढेच लिहिता येते. बाकीचे त्या गाण्यात आहे.

आमच्या सौभाग्यवतींचे मत अगदी निराळे. त्यांच्या मते 'मी रात टाकली'च्या जवळपास दुसरे काही नाही. लताबाईंचा आवाज, त्याला खालून उचलून धरणारे पुरुषांचे सूर, आणि पडद्यावर स्मिता पाटील. "नवऱ्याला सोडून आलेली बाई असूनसुद्धा गाण्यात कुठे रडगाणं नाही, हे तुमच्या लक्षात येतं का?" असे त्यांनी मला एकदा विचारले. खरे तर माझ्या लक्षात आले नव्हते. मी इतकी वर्षे ताल ऐकत होतो, त्या चिंधीला ऐकत होत्या. साप कात टाकतो तेव्हा जुने कातडे कुंपणाला अडकून राहते आणि जनावर चकचकीत होऊन पुढे निघून जाते. ते ऐकू यायला बाईचाच कान लागतो की काय, कोण जाणे. आमचा वाद काही मिटलेला नाही.

'जांभुळपिकल्या झाडाखाली' हे तर सगळ्यांच्याच ओठांवर असते. गोड आहे, कबूल. पण गाण्यात मंडळी झाडाखाली आहेत हे बरे, झाडावर चढलेली नाहीत. जांभळाची फांदी ठिसूळ, न सांगता मोडते. दरवर्षी जूनच्या तोंडाला कोणी ना कोणी पडतो आणि हातपाय मोडून घेतो. झेल्याने काढा, खाली जुने लुगडे धरा, हे मी शिबिरात सांगत आलो, इथेही सांगून टाकतो.

आता 'लिंगोबाचा डोंगूर'. रवींद्र साठ्यांचा तो पहाडी आवाज आणि मागे ढोल. हे माझे एके काळचे सर्वांत लाडके गाणे. कादंबरीतला लिंगोबा म्हणजे पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा सुळका. तिथे आजही आग्यामोहोळे लोंबतात.

काही वर्षांपूर्वी एका ठाकरवाडीत मधुमक्षिकापालनाचे शिबिर घेतले होते. आग्या माशी पेटीत राहत नाही, सातेरी राहते, पोळे अख्खे पिळू नका, मधाचा भाग तेवढाच कापा, अंड्या-पिल्लांचा भाग राहू द्या, असा आमचा विषय. माणसे जमावीत म्हणून मी ध्वनिक्षेपकावर हीच गाणी लावली. त्यांच्याच वाडीची गाणी, त्यांना आवडतील, असा माझा समज. पोरे नाचू लागली. 'लिंगोबाचा डोंगूर' सुरू झाले तशी मागे बसलेली एक म्हातारी उठून माझ्यापाशी आली.

"सायेब, ते बंद करा."

मी विचारले, का हो आजी, आवडले नाही का?

"गानं बरं हाय. माझा भाव असाच वर गेला व्हता मधाला. दोर व्हता, पन माश्या उठल्या. खाली आनला तवा तोंड वळखू येत नव्हतं."

मी गाणे बंद केले. मला पुढचे भाषण नीट करता आले नाही. चित्रपट मी चार वेळा पाहिला आहे. शेवटी मोहोळे उतरतात, नाग्या जिंकतो आणि माश्यांच्या दंशाने चिंधी मरते. 'जैत' म्हणजे विजय. हे सगळे मला पाठ होते. पण गाणे ऐकताना मी नेहमी नाग्याबरोबर डोंगर चढत आलो होतो. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसांचा मला कधी विचार पडला नव्हता.

शिबिर संपल्यावर त्याच आजी चहा घेऊन आल्या. मी जरा ओशाळूनच म्हणालो, गाणे तुमचेच म्हणून लावले होते. त्या म्हणाल्या, "आमचं न्हाई ते. पन ज्यानं केलं त्यानं आमचं बगितलं हाय."

त्या वर्षी त्यांच्या सुनेने सातेरीच्या दोन पेट्या घेतल्या. एक वसाहत पावसाळ्यात उडून गेली, ती माझी चूक, साखरपाणी वेळेवर द्यायला मी सांगायला हवे होते. दुसरी टिकली.

मुलुंडच्या त्या पोळ्याखाली रोज संध्याकाळी मी गाणी लावत होतो, ती खिडकी बंद ठेवून. 'लिंगोबाचा डोंगूर' आले की आवाज थोडा खाली करतो. सौभाग्यवती म्हणतात, पुढे ढकला, 'रात टाकली' लावा. मी ढकलत नाही. पूर्ण ऐकतो.