काडीमोड आणि तडजोडनामा

सातारा-सांगलीकडील कित्येक जातींत पूर्वीं पंचांसमोर काडी मोडून किंवा सोडचिठ्ठी लिहून नवराबायको विभक्त होत असत. त्या रूढीच्या आठवणीनें आजही कांहीं कुटुंबें मुद्रांकाच्या कागदावर सह्या करून 'निकाल लागला' असें समजतात. हा समज घातक आहे. जातीची तशी रूढी सिद्ध झाली नाहीं, तर त्या कागदानें विवाह तुटत नाहीं. आणि त्याच्या भरंवशावर केलेलें दुसरें लग्न रद्दबातल ठरतें.

हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं घातलेल्या कलम १३-ब प्रमाणें, किमान एक वर्ष वेगळीं राहिलेलीं पतिपत्नी न्यायालयांत एकत्र अर्ज करूं शकतात. तत्पूर्वीं तडजोडनामा व्हावा: पोटगी एकरकमी कीं दरमहा, स्त्रीधन केव्हां परत द्यावयाचें, घर व कर्ज कोणाकडे, मुलें कोणाजवळ आणि दुसऱ्यानें त्यांना कोणत्या दिवशीं भेटावें. रक्कम व तारीख स्पष्ट लिहावी. संदिग्ध शब्द हेंच पुढील भांडणाचें बीज होय.

अर्जानंतर सहा महिन्यांनीं, परंतु अठरा महिन्यांच्या आंत, दोघांनीं पुन्हां संमति सांगावयाची असते. योग्य प्रकरणीं सहा महिन्यांची मुदत माफ होऊं शकते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. हुकूमनाम्यापूर्वीं मात्र कोणीही एकजण संमति परत घेऊं शकतो, हें त्याच न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें आहे.

मुलांविषयींची अट आईबापांनीं मान्य केली तरी न्यायालय मुलांचें हित पाहून ती बदलूं शकतें. श्रोतेहो, तडजोडनाम्यावर मुलांची सही नसते. म्हणून त्यांचा विचार सर्वांआधीं करावा.