गाडीचे चाक आणि ट्रॉलीचा टायर

गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ट्रॉलीला रंग लागतो, हूक नवा बसतो, मागच्या फळीवर देवाचे नाव चढते. एवढे झाल्यावर, हातातली उचल सरत आली की मालकाला टायरची आठवण होते. मग "काय असंल ते टाका, हंगाम निघाला म्हंजे झालं" या बोलीवर जे मिळेल ते चढवले जाते. हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रंग उडालेली ट्रॉली ऊस गव्हाणीपर्यंत आणते; टायर फुटलेली ट्रॉली वाटेतच बसते.

आधी बैलगाडीचे पाहू. लाकडी चाकाची अरुंद लोखंडी धाव मऊ रानात सरळ खाली रुतते. हवेचा टायर पसरून बसतो आणि खड्ड्यातून चढताना दबतो, म्हणून ओढ हलकी होते. बेलफास्टच्या जॉन बॉईड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या या युक्तीचे पेटंट १८८८ साली घेतले. आपल्या बैलांच्या मानेला तिचा लाभ मिळायला पुढे बरीच वर्षे लागली.

ओढकाम करणाऱ्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये यासाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यात २०० ते ३५० किलो वजनाच्या मध्यम बैलाच्या दुचाकी गाडीला भाराची मूळ मर्यादा अशी आहे : साध्या चाकावर ७०० किलो, हवेच्या टायरवर १,०५०, आणि बॉल बेअरिंग असेल तर १,४००. हे आकडे नीट पाहावेत. टायरने दीडपट, बेअरिंगने दुप्पट! आपल्याकडे मात्र टायरची चौकशी सगळे करतात, बेअरिंग उघडून वंगण कोण बघतो? चढ असेल तर भार कमी करावा लागतो, हेही त्याच नियमांत आहे. बैलाला काही नियम वाचता येत नाहीत, ते आपणच वाचायचे.

गाडीचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे हवेत. एक बाजू बसकी असली की गाडी तिकडे ओढ घेते आणि त्या बाजूच्या बैलाचा खांदा सोलतो. जू दोष नसताना बदलले जाते.

आता ट्रॉली. टायरवर ९.००-१६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. बैलगाडीच्या ८.००-१९ चेही तसेच. पुढे १६ पीआर असेल तर आत सोळा पदर आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. पूर्वी सुती पदरांवरून ताकद मोजत, त्या मापाने ही ताकद सोळा पदरांइतकी, एवढाच अर्थ. खरे वाचायचे ते बारीक अक्षर : जास्तीत जास्त भार किती, आणि तो किती हवेवर.

हा भार आपल्या ट्रॉलीला पुरतो का, हे काढणे सोपे आहे. मागच्या हंगामातली काट्याची पावती काढावी. भरलेल्या वजनातून ट्रॅक्टरचे वजन वजा करून उरलेल्याला टायरांच्या संख्येने भागावे. समजा रिकामी ट्रॉली २ टन आणि ऊस ८ टन. चार टायर असतील तर प्रत्येकावर अडीच टन. टायरवरचा आकडा याहून कमी निघाला तर खेप कमी भरावी, नाहीतर टायर बदलावा. तिसरी वाट नाही. शिवाय ऊस सगळीकडे सारखा बसत नाही, आणि खड्ड्यात एकाच चाकावर जादा भार येतो. त्यामुळे थोडी सवड ठेवलेलीच बरी.

जुने किंवा रिमोल्ड टायर घ्यावेत का, असे सभासद नेहमी विचारतात. सांगाडा शाबूत असेल तर रिमोल्डला आमचा विरोध नाही. पण नुसती नक्षी पाहून घेऊ नये. ट्रॉलीची गोष्ट ट्रकपेक्षा वेगळी आहे. ती चार-पाच महिने पळते आणि बाकीचे दिवस उन्हात उभी असते. नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र वाळून गेलेले असते. कायद्याला नक्षीची खोली १.६ मिलिमीटर लागते, ती असूनही असा टायर फुटतो. म्हणून बाजूच्या भिंतीवर चिरा बघाव्यात आणि चार आकडी खूण वाचावी : ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यातला. एका कण्यावर एक नायलॉन आणि एक रेडियल, असा जोड लावू नये. हंगाम संपल्यावर ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून टायर पोत्याने झाकावेत. खर्च काहीच नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. रानातून निघायला सोपे जावे म्हणून काही चालक हवा उतरवतात आणि तसेच डांबरी रस्त्याला लागतात. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला वाकतो, आतून तापतो आणि भरल्या खेपेला फुटतो. चालकाच्या शेजारी आणि कधी उसावरही टोळीतली बायामाणसे बसलेली असतात. ट्रॉली कलंडली तर काय होते, हे सांगायला नको. उसावर माणूस बसवूच नये.

रात्री टायर गेलाच तर मागे परावर्तक पट्ट्या स्वच्छ हव्यात, म्हणजे मागचे वाहन येऊन आदळणार नाही. स्टेपनीत हवा असावी, जॅक भरल्या ट्रॉलीला पेलणारा असावा, बाकीच्या चाकांना दगड लावावेत. मऊ साइडपट्टीत जॅकखाली जाड फळी लागते; ती घरून निघतानाच बरोबर घ्यावी.