जॅक जॉन्सन : एका विजयाची धास्ती
अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत, एके काळीं गुलाम असलेल्या दांपत्याच्या पोटीं जन्मलेल्या जॅक जॉन्सननें २६ डिसेंबर १९०८ रोजीं सिडनी येथें टॉमी बर्न्सला नमवून मुष्टियुद्धाचें जगज्जेतेपद मिळविलें. कृष्णवर्णीयाकडे गेलेला हा मान गोऱ्यांना दुःसह झाला. निवृत्त जेफ्रीजला त्यांनीं आग्रहानें पुन्हां रिंगणांत उतरविलें. ४ जुलै १९१० रोजीं रीनो येथें तोहि १५ व्या फेरींत हरला. त्या रात्रीं कित्येक कृष्णवर्णीयांचे प्राण गेले. पुढें सामन्याच्या चित्रपटाचीहि धास्ती वाटूं लागली! ब्रिटिश सरकारनें १९११ मध्यें त्याचा लंडनचा सामना होऊं दिला नाहीं. अमेरिकेनें १९१२ मध्यें असे चित्रपट राज्याराज्यांतून नेण्यास कायद्यानें बंदी केली. १९१३ मध्यें एका गोऱ्या स्त्रीशीं असलेल्या संबंधावरून त्याला दोषी ठरविण्यांत आलें. ज्यूरींत सारे गोरेच. १९४६ मध्यें तो वारला. राष्ट्राध्यक्षांची माफी आली ती २०१८ सालीं.